जामीन मंजूर होऊन सहा दिवस झाले, मुलगा अजून आतच. अडतंय कुठे?

खाडीपट्टा:
शेजारच्या वाडीतल्या मुलाला मारामारीच्या गुन्ह्यात अटक झाली होती. सत्र न्यायालयाने मागच्या गुरुवारी जामीन दिला: २५,००० रुपयांचा जातमुचलका (आरोपीचं स्वतःचं हमीपत्र) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. आज सहावा दिवस, मुलगा अजून रत्नागिरीच्या कारागृहात. चुलते जामीन राहायला गेले, पण त्यांचा सातबारा कोर्टाने घेतला नाही. जागेत हापूसची पंधरा कलमं उभी आहेत, तरी ऐपत दिसत नाही म्हणे! घरचे रोज पोलीस ठाण्यात चकरा मारतायत. पुढे नेमकं काय करायचं?

दप्तरी:
आधी पोलीस ठाण्याच्या चकरा थांबवा. मुलगा न्यायालयीन कोठडीत आहे, म्हणजे कारागृहाच्या ताब्यात. कारागृह सोडतं ते फक्त कोर्टाच्या मुक्तता आदेशावर, आणि तो आदेश जामीनदार स्वीकारल्याशिवाय निघत नाही. जामीन मंजूर होणं आणि सुटका होणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत.

जामीन आदेश शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. जामीनपत्र कोणत्या कोर्टात द्यायचं ते त्यात असतं. दोषारोपपत्र अजून दाखल नसेल तर बहुतेक वेळा तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. तिथे जामीनदाराने स्वतः उभं राहायचं: आधार, रेशन कार्ड, फोटो आणि ऐपतीचा कागद, सगळं मूळ आणि झेरॉक्स. शिवाय आपण आणखी किती आरोपींना जामीन आहोत याचं निवेदन द्यावं लागतं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४८६). सकाळी कोर्ट बसायच्या आत वकिलांकडे कागद पोचवा. दुपारनंतर पडताळणी झाली तर आदेश संध्याकाळी कैद्यांना कोठड्यांत बंद करायच्या आत कारागृहात पोचत नाही आणि आणखी एक रात्र जाते.

मुक्तता आदेश हातात आला की तिथेच वाचा. नाव, वडिलांचं नाव, गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं. रिमांडच्या (कोठडीत पाठवल्याच्या) कागदावर 'गंगाराम' आणि आदेशात 'गंगाधर' असेल तर कारागृह सोडणार नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. चुकीचा माणूस बाहेर गेला तर जबाबदारी त्यांची. दुसऱ्या एखाद्या गुन्ह्यात कोठडी चालू आहे का, तेही वकिलांना विचारा.

आठ_अ:
सातबाऱ्याचं दुखणं कोकणातलं जुनं. चुलत्यांचा उतारा उघडून बघा, भोगवटादाराच्या (जमीनधारकाच्या) रकान्यात मयत आजोबांचं नाव असेल, नाहीतर वीस-पंचवीस भाऊबंदांचं सामाईक खातं. कोर्टाला आंब्याची कलमं दिसत नाहीत, रकाना दिसतो. एकाचा हिस्सा किती ते उताऱ्यावरून कळत नाही, मग २५,००० ची ऐपत कशावरून मानायची? 'इतर हक्कात' सोसायटीच्या कर्जाचा बोजा असेल तर आणखी अडचण.

वारस नोंद आता घालायला जाऊ नका असं नाही, घालाच, पण या कामासाठी तिची वाट बघू नका. नोंद धरल्यावर हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस जाते, मग मंडळ अधिकारी मंजूर करतात. तोवर दुसरा कागद शोधा. घर कोणाच्या स्वतंत्र नावावर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे असेसमेंट उतारा आणि चालू वर्षाची घरपट्टी पावती. नात्यात जिल्हा परिषदेचा शिक्षक, एसटीचा कर्मचारी कोणी असेल तर पगारपत्रक आणि ओळखपत्र. कोर्टांना हे सगळ्यात सोपं जातं.

खाडीपट्टा:
आजोबांचंच नाव आहे. पगारदार म्हणून एक मामेभाऊ आहे, पण तो डोंबिवलीला. बाहेरच्या जिल्ह्याचा चालतो का?

दप्तरी:
चालतो. स्थानिक जामीनदारच हवा हा आग्रह सुटकेला उशीर होण्याचं एक कारण आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांत नोंदवलं आणि तशी अट न घालण्याची सूचना न्यायालयांना दिली. पत्त्याची खात्री करायला कोर्ट वेळ घेऊ शकतं. म्हणून मामेभावाला बोलावण्याबरोबरच वकिलांना आणखी एक अर्ज द्यायला सांगा: तात्पुरता रोख जामीन भरून सोडावं आणि जामीनदार द्यायला चार आठवडे मुदत द्यावी. रक्कम झेपत नसेल तर कलम ४८४ खाली सत्र न्यायालयाकडे ती कमी करून मागता येते.

मोफत_विधी:
वकिलांची फी अडत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची मर्यादा नाही. वरच्याच निर्देशांप्रमाणे जामीन आदेशानंतर ७ दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. तुमचा उद्या सातवा दिवस, पण त्यांच्या कळवण्यावर विसंबू नका, आदेशाची प्रत घेऊन स्वतः जा. खरोखर गरीब कैद्यांसाठी केंद्राच्या योजनेतून जामीन रकमेची मदत मिळू शकते, तो अर्जही तिथूनच पुढे जातो.

एक गैरसमज फार पसरलाय: 'आठवड्यात जामीनदार मिळाला नाही तर जातमुचलक्यावर सोडतातच.' तो नियम जामीनपात्र (जामीन हा आरोपीचा हक्कच असतो अशा) गुन्ह्यांसाठी आहे, कलम ४७८. या मुलाला सत्र न्यायालयात जावं लागलं, म्हणजे गुन्हा बहुधा अजामीनपात्र. त्यात महिनाभर जामीनपत्र दिलं गेलं नाही तर कोर्ट आपणहून अटी सैल करायचा विचार करू शकतं. तेवढे दिवस मुलाने आत का काढायचे?

आठ_अ:
कोर्टाच्या आवारात कोणी 'जामीनदार देतो, इतके द्या' म्हणत आला तर त्याच्या नादी लागू नका. बनावट सातबारा पडताळणीत पकडला गेला की जामीन जातो आणि घरच्यांवर नवा गुन्हा येतो. डिजिटल सहीच्या उताऱ्याला १५ रुपये पडतात आणि तो ऑनलाइन तपासता येतो.

मामेभावालाही स्पष्ट सांगा की सही म्हणजे उपकाराची सही नव्हे. मुलगा तारखेला गेला नाही तर अजामीनपात्र वॉरंट निघतं आणि २५,००० ची वसुली मामेभावाकडून होऊ शकते. आदेशात पोलीस ठाण्याची हजेरी लिहिली असेल तर वार आणि वेळ मुलाला पाठ हवी, आणि दर वेळी हजेरीवर सही करूनच परत यायचं.