गच्चीवर कुठला बॉन्ड लावायचा?

सेक्रेटरी (अ-१०१): मंडळी, शनिवारी रात्री ८.३० ला गच्चीवर पडदा लावतोय. प्रोजेक्टर ब विंगच्या अनिकेतचा. बॉन्डचा पिक्चर लावायचं ठरलंय, कुठला ते सांगा. पाण्याची तक्रार इथं नको, त्याला वेगळा मेसेज टाकतो.

देसाई वहिनी (ब-२०३): मेसेज वेगळा टाकून नळाला पाणी येतंय व्हय?

अनिकेत (ब-४०१): 'स्कायफॉल' लावूया की. २०१२ चा. पहिला बॉन्ड १९६२ चा, त्याला ५० वर्षं झाली तेव्हा आलेला. जुन्या सगळ्या आठवणी आहेत त्यात.

शिंदे काका (अ-३०२): आठवणी कशाला, जुनाच लावा. 'गोल्डफिंगर', १९६४. ताजी भाकरी असताना शिळी गरम करून का खायची?

चव्हाण काकी (अ-२०४): शिळ्या भाकरीचा कुस्करा ताज्या भाकरीला मागं टाकतोय भावजी. फोडणी बसली पाहिजे फक्त.

शिंदे काका: फोडणी बसली तर. नाहीतर नुसता कढीपत्ता.

शिंदे काका: आता मोठा मेसेज टाकतोय, कुणी मध्ये 'गुड मॉर्निंग' टाकू नका. 'गोल्डफिंगर'मधली ती चंदेरी गाडी, ॲस्टन मार्टिन डीबी ५. मी हा पिक्चर पहिल्यांदा बघितलो तेव्हा उद्यमनगरात लेथवर नुकताच लागलेलो. बाकीची पोरं मारामारी बघत होती, मी नंबर प्लेट बघत बसलो. फिरणारी प्लेट. इंग्लंड, फ्रान्स, स्वित्झर्लंड, तीन देशांचे तीन नंबर. दुसऱ्या दिवशी कारखान्यात खडूनं फरशीवर काढून दाखवलो. त्रिकोणी बार घ्यायचा, दोन्ही टोकांना बुश, मधनं शाफ्ट, मागं वायपरची मोटर. अर्ध्या दिवसाचं काम. मिस्त्री म्हणाले, "आधी मालकाचा जॉब काढ, मग बॉन्डचा." पण फरशीवरचं चित्र त्यांनी पुसलं नाही, दोन दिवस त्याच्या कडेनं चालले. मला त्या गाडीत हेच आवडतं. बघणाऱ्याला वाटतं, हे मला पण करता येईल.

पाटील (ब-१०२): काका, करून द्या की एक. महाद्वार रोडला गाडी उचलून न्यायला आले की फिरवायची.

अनिकेत: पाटील काका, खरंच तसंच झालेलं. दिग्दर्शक गाय हॅमिल्टनला पार्किंगचे दंड लई यायचे म्हणे, त्या वैतागातनं ती फिरती प्लेट सुचली.

पाटील: म्हणजे आपलाच माणूस.

शिंदे काका: आणि गिअरच्या मुठीचं टोपण उघडलं की आत लाल बटण. दाबलं की शेजारचा माणूस छतातनं बाहेर.

पाटील: खटक्यावर बोट, जाग्यावर पल्टी!

देसाई वहिनी: हे बटण आमच्या ह्यांच्या गाडीत बसवून मिळेल का? शेजारी बसून नुसतं "ब्रेक मार, ब्रेक मार" करतात.

अनिकेत: काका, तेच बटण 'स्कायफॉल'मध्ये आहे. म्हणूनच म्हणतोय. बॉन्ड बॉसबाईला, म्हणजे एमला, त्या जुन्या गाडीतनं घेऊन जातोय. बाई गाडी आरामाची नाही म्हणून कुरकुर करतात. हा म्हणतो, वाटभर कुरकुरच करणार काय? आणि अंगठ्यानं मुठीचं टोपण उघडतो. बाई म्हणतात, फेक बाहेर, मला काय फरक पडतोय. बटण दाबलंच जात नाही. ४८ वर्षांपूर्वीचं बटण आणि नुसतं टोपण उघडून दोघांचं नातं कळलं. ही फोडणी बसली का नाही सांगा.

शिंदे काका: बसली. कबूल. पण ती गाडी आली कुठनं? २००६ च्या 'कॅसिनो रॉयल'मध्ये ह्याच बॉन्डनं डीबी ५ पत्त्यात जिंकली, ती डाव्या स्टिअरिंगची. 'स्कायफॉल'मध्ये उजव्या स्टिअरिंगची, वर मशीनगन आणि सीटचं बटण. स्टिअरिंग कुणी फिरवलं? गॅरेजवाल्याचं नाव सांग, मी पण टाकतो तिकडं गाडी.

अनिकेत: काका, तिथं हिशोब लागत नाही हे खरंय.

मोहिते सर (अ-४०३): मी आयटीआयला ३१ वर्षं शिकवलो, म्हणून माझं मत हत्याराच्या बाजूनं. २००२ चा 'डाय अनदर डे' आठवा. विसावा पिक्चर, चाळिसावं वर्ष. जुन्या वस्तूंची खोलीच दाखवली. १९६५ चा पाठीवर बांधून उडायचा जेटपॅक, १९६३ चा सुरी लपवलेला बूट. हिरोइन पाण्यातनं वर येते ती पण १९६२ सारखी, कमरेला सुरी लावून. बघताना मजा आली, घरी आल्यावर काही राहिलं नाही. कारण त्या खोलीतल्या कशालाच पिक्चरमध्ये पुढं काम नाही. पाहुण्याला शोकेसमधली कपबशी दाखवायची आणि चहा स्टीलच्या पेल्यात द्यायचा, तसलं. आणि वर ती अदृश्य होणारी गाडी! न दिसणाऱ्या गाडीत बघायचं काय?

चव्हाण काकी: बुटात सुरी? कोल्हापुरी चपलेच्या तळात बसली असती की आरामात. आणि देवळाबाहेरनं चप्पल चोरणाऱ्याला कळलं असतं.

मोहिते सर: आता उलटं उदाहरण. 'गोल्डनआय', १९९५. पेन. तीनदा टकटक केलं की चार सेकंदांत स्फोट, परत तीनदा केलं की बंद. त्यात तो कॉम्प्युटरवाला बोरिस, त्याला हातात पेन आलं की टकटक करायची खोड. ती खोड पिक्चरच्या सुरुवातीपासनं दाखवलीय. शेवटी बॉन्डचं पेन त्याच्याच हातात. तो तावातावानं बोलतोय, पेन फिरवतोय, टकटक टकटक, आणि बॉन्ड गुमान मोजतोय. एक, दोन, तीन. परत एक, दोन. आपण पण मोजतोय. वर्गात एका पोरानं पेन वाजवायला सुरुवात केली की मला अजून तेच आठवायचं.

देसाई वहिनी: आपल्या लिफ्टचं बटण पण तीनदाच दाबायला लागतंय. चौथ्या सेकंदाला काय होईल देवालाच ठाऊक.

सेक्रेटरी: वहिनी, लिफ्टवाला मंगळवारी येतोय.

देसाई वहिनी: कुठल्या महिन्यातल्या?

अनिकेत: सर, म्हणूनच 'स्कायफॉल'मधला नवा क्यू, म्हणजे बॉन्डला असली हत्यारं बनवून देणारा, म्हणतो की फुटणारं पेन मिळेल असं वाटलेलं काय, आम्ही आता तसलं करत नाही. पोरगा बॉन्डला भेटतो चित्रांच्या गॅलरीत, टर्नरच्या चित्रासमोर. जुनं लढाऊ जहाज मोडीत काढायला ओढून नेतायत, ते चित्र. आणि हातात काय देतो? एक पिस्तूल आणि एक रेडिओ.

मोहिते सर: आणि रेडिओनंच काम होतं. खलनायकाला बॉन्ड शांतपणे सांगतो, क्यूनं दिलेली नवी वस्तू आहे, रेडिओ म्हणतात त्याला. ते वाक्य मला लई आवडलं. पण पेनाचा विनोद कळायला पेन बघितलेलं पाहिजे. आपली बारकी पोरं बघतील आणि म्हणतील, आजोबा का हसले?

शिंदे काका: क्यू म्हटलं की माझ्यापुढं एकच म्हातारा, डेसमंड लेवेलिन. १९६३ पासनं १९९९ पर्यंत १७ पिक्चर. बॉन्ड बदलले, हा तसाच, कोट घालून वैतागलेला. 'गोल्डफिंगर'मध्ये बॉन्ड म्हणतो, सीट उडते? चेष्टा करताय. हा म्हणतो, मी कामाची चेष्टा कधी करत नाही. आमच्या मिस्त्रींचं थोबाड डिट्टो तसंच. आणि गंमत म्हणजे ह्या लेवेलिनला खऱ्या आयुष्यात यंत्रातलं काही जमायचं नाही, हे तो स्वतःच सांगायचा. १९९९ च्या पिक्चरमध्ये बॉन्डला दोन गोष्टी सांगतो. आपलं रक्त दुसऱ्याला दिसू देऊ नको आणि निसटायची वाट नेहमी ठेव. एवढं सांगून जमिनीतनं खाली जातो. पिक्चर आला आणि त्याच डिसेंबरात मोटार अपघातात गेला. आता ते दृश्य लागलं की मी रिमोटला हात लावत नाही.

चव्हाण काकी: मिस्त्री पण १९९९ लाच गेले ना हो भावजी?

शिंदे काका: २०००. जानेवारीत.

चव्हाण काकी: मी उदयपूरला गेलो तेव्हा हॉटेलात रोज रात्री 'ऑक्टोपसी' लावायचे, तिथंच शूटिंग झालेलं म्हणून. कबीर बेदी आहे. आणि तो टेनिसवाला विजय अमृतराज गारुडी होऊन बसलाय, पुंगीवर बॉन्डचीच धून वाजवतोय. मग रिक्षातनं पळापळ, आणि हा टेनिसच्या रॅकेटनं माणसं हाणतोय. रिक्षा अशी उडते की वडाप परवडलं. मला तर तोच पाहिजे.

पाटील: काकींना माझं मत. रिक्षा म्हणजे आपलं गॅजेट.

मोहिते सर: गॅजेटचं कौतुक कोल्हापूरला सांगू नका पाटील. बाबूराव पेंटरांनी पिक्चर काढायचा म्हणून आधी कॅमेराच हातानं तयार केला. मग १९२० ला 'सैरंध्री'. तिकडं क्यू बनवतो आणि बॉन्ड वापरतो, इथं बनवणारा पण तोच आणि वापरणारा पण तोच.

शिंदे काका: सर, हे बरोबर बोललात.

सेक्रेटरी: मतं मोजली. 'ऑक्टोपसी' ६, 'गोल्डफिंगर' ५, 'स्कायफॉल' ५. देसाई वहिनींनी पाण्याला मत दिलंय, ते धरलं नाही.

अनिकेत: काका, एक करू. या शनिवारी काकींचा. पुढच्या महिन्यात आधी 'गोल्डफिंगर', आणि दुसऱ्या दिवशी लगेच 'स्कायफॉल'. म्हणजे बारकी पोरं पण टोपण उघडल्यावर हसतील.

शिंदे काका: चालेल. पण मध्ये एक दिवस 'गोल्डनआय' घाल. मला मोजायचंय.

सेक्रेटरी: ठरलं. येताना सतरंजी आपापली आणा. गच्चीची किल्ली कुणाकडं आहे?

पाटील: वॉचमन तात्यांना विचारलो. किल्ली आहे म्हणतात. कुलूप गेल्या महिन्यात बदललंय, त्याची नव्हे.