घरात दिव्याखाली वाढवलेल्या मिरचीच्या रोपांची पाने वळत आहेत : नेमके कारण कसे ओळखावे?

प्रश्न – जुळे सोलापूर

नमस्कार. यंदा जूनमध्ये गच्चीवर मिरची लावायची असल्याने मी मार्चच्या अखेरीस घरातच रोपे तयार करायला घेतली. आमच्याकडे शेंगाचटणी वर्षभर घरीच कुटली जाते आणि तिला लागणारी थोडी तरी मिरची स्वतःची असावी, एवढीच हौस आहे. फुले ज्योती आणि ज्वाला या दोन वाणांची मिळून चोवीस रोपे कागदी पेल्यांत आहेत. माध्यम म्हणून दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) आणि एक भाग गांडूळखत वापरले आहे. बाहेरच्या उन्हात कोवळी रोपे टिकणार नाहीत, म्हणून ती पूर्वेकडच्या खोलीत मांडली आणि वर २० वॅटच्या दोन एलईडी नळ्या टांगल्या. त्या दिवसाला सोळा तास चालू असतात. आज रोपे पस्तीस दिवसांची आहेत आणि प्रत्येकाला सहा ते आठ पाने आहेत.

गेल्या दहा दिवसांपासून पाने वळू लागली आहेत. बहुतेक रोपांच्या वरच्या पानांच्या कडा दुपारनंतर वर उचलल्या जाऊन पान पन्हळीसारखे होते आणि सकाळी ते बरेचसे सरळ झालेले दिसते. खालच्या जुन्या पानांची टोके करपली आहेत. खिडकीजवळच्या पाच रोपांचे मात्र वेगळे आहे. त्यांची शेंड्याकडची पाने अरुंद व खडबडीत झाली असून खाली वळली आहेत, आणि त्यांच्यात सकाळ-संध्याकाळ काहीच फरक पडत नाही. आठवड्यातून दोनदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश) हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात देतो. खोलीत दुपारी तापमान ३७ अंशांपर्यंत जाते. औषधांच्या दुकानात एक पान दाखवले, तर त्यांनी न विचारता तीन बाटल्या समोर ठेवल्या. मी त्या घेतल्या नाहीत. फवारणी करण्यापूर्वी हे काय आहे ते समजून घ्यावे, असे वाटते.

उत्तर १ – बार्शीकर

हा सरळसरळ बोकड्या आहे. आमच्या शेतात दोन वर्षे याच रोगाने मिरची गेली. यावर औषध नाही, त्यामुळे सगळी रोपे उपटून जाळावीत आणि नवे बी टाकावे. उशीर केला तर हंगाम हातचा जाईल.

उत्तर २ – रोपवाटिका, मोहोळ

बार्शीकरांचा अनुभव मी नाकारत नाही, परंतु चोवीसच्या चोवीस रोपे उपटण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. आपल्याकडे मिरचीचे कोणतेही पान वळले की त्याला बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणण्याची रीत आहे. प्रत्यक्षात या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी येतात. फुलकिडे पानातील रस शोषतात तेव्हा पानाच्या कडा वर वळून पान होडीसारखे दिसते. पिवळा कोळी ही अतिसूक्ष्म कीड लागली तर पान खाली वळते, म्हणजे होडी उलटी होते. त्याबरोबर देठ लांबतो आणि पानाची मागची बाजू तांबूस, चकाकती दिसू लागते. तिसरा खरा विषाणूजन्य रोग. तो पांढरी माशी पसरवते आणि त्यात शेंड्याची पाने लहान होऊन त्यांचा गुच्छ बनतो, पेरी आखूड होतात आणि झाड खुजे राहते. त्याला खरोखरच औषध नाही, एवढे बार्शीकरांचे म्हणणे बरोबर आहे.

आता आपल्या वर्णनातील सर्वांत मोलाची गोष्ट पाहू. दुपारी वळलेले पान सकाळी सरळ होते, असे आपण लिहिले आहे. कीड असो वा विषाणू, त्याने वाकडे झालेले पान रात्रीतून सरळ होत नाही, कारण त्यात पानाच्या पेशींची वाढच बिघडलेली असते. दिवसागणिक वळणारे आणि सुटणारे पान म्हणजे मुळांकडून येणाऱ्या पाण्यापेक्षा पानातून उडून जाणारे पाणी जास्त झाल्याची खूण होय, आणि कडा वर उचलून पान आपला उघडा भाग कमी करत असते. म्हणजे एकोणीस रोपांची तक्रार वेगळी आणि खिडकीजवळच्या पाच रोपांची वेगळी. दोन्हींना एकच नाव दिले की उपायही चुकतो.

त्या पाच रोपांसाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे आणि सर्वांत वरच्या, अर्धवट उघडलेल्या पानाची मागची बाजू उजेडात धरून पाहावी. फुलकिडा साधारण एक मिलिमीटरचा असतो आणि पान पांढऱ्या कागदावर झटकले तर धावताना नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. पिवळा कोळी त्याहून कितीतरी लहान असल्याने भिंगाशिवाय दिसत नाही, म्हणूनच अनेक जण कीड नाही असे समजून खत वाढवत बसतात. पांढऱ्या माशीसाठी पिवळा चिकट सापळा दोन दिवस टांगून ठेवावा. शंका उरलीच, तर एक रोप पिशवीत बांधून आमच्या मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवता येईल.

दिवा रोपांपासून किती उंचीवर आहे आणि पाणी कोणते देता, हे आपण लिहिलेले नाही. माझ्या मते उरलेल्या एकोणीस रोपांचे उत्तर त्यातच आहे.

प्रश्नकर्ता – जुळे सोलापूर

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. सुरुवातीला दिवा एक फूट उंच होता. रोपे वाढत गेली आणि दिवा मात्र तिथेच राहिला, त्यामुळे आज मोजले तर अंतर जेमतेम पाच इंच भरले. पाण्याबद्दल लिहायला थोडा संकोच वाटतो. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते आणि मधल्या दिवसांत इमारतीचे बोअरचे पाणी वापरतो. घरातल्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये, म्हणून मी ते बादलीत साठवून रोपांना देत होतो. पेल्यांच्या काठावर पांढरी पापडी धरली आहे, ती कोकोपीटची बुरशी असावी, असा माझा समज होता.

उत्तर ३ – होटगी रस्ता

ती बुरशी नाही, क्षार आहेत. आरओ यंत्र पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार त्या टाकाऊ पाण्यातच सोडते, त्यामुळे ते मूळच्या बोअरच्या पाण्यापेक्षाही अधिक खारे असते. फरशी पुसायला ते उत्तम आहे, परंतु रोपांना देऊ नये. मिरची क्षारांच्या बाबतीत नाजूक पीक आहे. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता (म्हणजे क्षारांचे माप) मीटरला १.५ डेसिसायमनच्या पुढे गेली की तिचे उत्पादन घटू लागते, आणि रोपाच्या वयात तर ती त्याहून हळवी असते. मुळांभोवती क्षार साचले की ओल असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. त्यात वरून ३७ अंशांची कोरडी हवा आणि पाच इंचांवर दिवा. करपलेली टोकेही याचीच साक्ष देतात.

पुष्कळ लोक अशा वेळी कॅल्शियम कमी पडले असे सांगून आणखी एक बाटली आणायला लावतात. कोकोपीट कॅल्शियम धरून ठेवते आणि १९:१९:१९ मध्ये ते नसते, हे खरे आहे. पण कॅल्शियमची कमतरता कोवळ्या पानांवर दिसते, जुन्या पानांच्या टोकांवर नव्हे, आणि आपल्या बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम भरपूर असते. त्यामुळे इथे काही घालण्यापेक्षा आधी धुऊन काढणे गरजेचे आहे.

पेल्यांना खाली भोके आहेत याची खात्री करून प्रत्येक पेल्यात त्याच्या आकारमानाच्या तिप्पट गोडे पाणी सावकाश ओतावे. चोवीस पेल्यांना दोन बादल्या पुरतील. नळाला पाणी येईल त्या दिवशीच हे करावे. खत दहा दिवस बंद ठेवावे आणि नंतर अर्ध्या मात्रेने सुरू करावे. दिवा पुन्हा एक फुटावर घ्यावा. कूलर असेल तर त्याचा झोत थेट रोपांवर नको, मात्र खोलीत तो चालू असणे चांगलेच.

प्रश्नकर्ता – जुळे सोलापूर

बारा दिवसांनी लिहीत आहे. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे यंत्र) उसना आणून मोजले : आरओचे टाकाऊ पाणी १६४० पीपीएम आणि पेल्यातून पहिल्यांदा निथळलेले पाणी २३०० च्या वर होते. सांगितल्याप्रमाणे धुतल्यानंतर निथळ ७०० च्या आसपास आली. दिवा उंच केल्यावर तिसऱ्या दिवसापासून दुपारचे वळणे जवळजवळ थांबले.

खिडकीजवळच्या रोपांच्या पानांमागे भिंगातून फिकट पिवळे, पारदर्शक ठिपके संथ हलताना दिसले. पिवळ्या सापळ्यावर एकही पांढरी माशी आली नाही. आता प्रश्न एवढाच उरतो, की ती पाच रोपे वाचवावीत का, आणि वळलेली जुनी पाने तोडावीत का?

उत्तर ४ – रोपवाटिका, मोहोळ

वर्णनावरून तो पिवळा कोळीच आहे. शेतात पाचशे रोपे असती तर मी औषधाचा विचार केला असता; पाच रोपांसाठी नको. ती पिशवीत बांधून घराबाहेर काढावीत, त्यांना हात लावल्यावर तो धुतल्याशिवाय बाकीच्या रोपांना स्पर्श करू नये. उरलेल्या एकोणीस रोपांवर लिटरला तीन मिलिलिटर निंबोळी तेल आणि साबणाचे थोडे द्रावण मिसळून, दिवे बंद झाल्यानंतर, पानांच्या मागच्या बाजूने फवारावे. उष्ण हवेत या कोळ्याची पिढी पाच-सहा दिवसांत पूर्ण होते, म्हणून पाच दिवसांच्या अंतराने तीनदा फवारणी करावी. गंधक हे कोळ्यावरचे जुने औषध आहे, परंतु तेल फवारल्यानंतर दोन आठवडे ते वापरू नये आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर कोवळ्या रोपांवर नकोच, पाने भाजतात.

जुनी पाने तोडू नयेत. करपलेले टोक पुन्हा हिरवे होणार नाही, पण उरलेले पान रोपाला अन्न पुरवत राहते. सुधारणा पाहायची असेल, तर धुतल्यानंतर फुटलेल्या नव्या दोन पानांकडे पाहावे.

प्रश्नकर्ता – जुळे सोलापूर

ती दोन पाने सपाट आहेत. पाच रोपे आज काढून टाकली, आणि आरओची बादली न्हाणीघरात नेऊन ठेवली.