डोप टेस्टचा अधिकार नक्की कोणाचा? सगळं एकाच संस्थेकडे का देत नाहीत?

खडूस_प्रेक्षक (धागाकर्ता)

सुन यांगची केस बऱ्याच जणांना आठवत असेल. चीनचा पोहणारा, ऑलिंपिक गोल्डवाला. सप्टेंबर २०१८ मध्ये रात्री उशिरा त्याच्या घरी टीम आली टेस्ट घ्यायला, एक मुख्य ऑफिसर, एक नर्स आणि एक मदतनीस. काम होतं फिनाचं, म्हणजे जागतिक जलतरण महासंघाचं, पण फिनाने ते दिलेलं आयडीटीएम नावाच्या खाजगी स्वीडिश कंपनीला आणि माणसं पाठवली कंपनीने. याने रक्त दिलं, मग म्हणाला की नर्स आणि मदतनिसाकडे नीट अधिकारपत्रच नाहीये, त्यात मदतनीस याचे फोटो काढत होता. वाद वाढत वाढत हातोड्यापर्यंत गेला, गार्डने रक्ताच्या बाटलीचं बाहेरचं आवरण फोडलं आणि हा पठ्ठ्या मोबाईलचा टॉर्च मारून उजेड दाखवतोय!

पुढचा घोळ बघा. जानेवारी २०१९ मध्ये फिनाच्याच पॅनेलने सोडून दिलं. वाडा, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, अपिलात गेली, २०२० मध्ये कॅसने म्हणजे क्रीडा लवादाने ८ वर्षं बंदी घातली. मग स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं कारण लवादातल्या एकाची चिनी लोकांबद्दलची जुनी ट्वीट्स निघाली, परत सुनावणी झाली आणि शेवटी ४ वर्षं ३ महिने.

मुद्दा असा की आज एका खेळाडूची टेस्ट त्याच्या देशाची एजन्सी घेऊ शकते, त्या खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ घेऊ शकतो, मोठी स्पर्धा असेल तर आयोजक घेऊ शकतात, तो ज्या परक्या देशात सरावाला गेलाय तिथली एजन्सीपण घेऊ शकते, आणि अगदी अपवादात्मक परिस्थितीत वाडा स्वतः. वर प्रत्येकजण हे काम तिसऱ्याला देऊ शकतो. देशाच्या एजन्सीला देशाची मेडल हवीत, महासंघाला आपला स्टार हवाय. कुंपणालाच शेत राखायला बसवलंय. आयटीए, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेस्टिंग एजन्सी, २०१८ पासून लोझानला आहेच, टोकियो ऑलिंपिकचं टेस्टिंग तिनेच सांभाळलं. सगळं तिच्याकडे द्या आणि विषय संपवा.

लेन_नंबर_चार

अजिबात सहमत नाही. तुम्ही म्हणता तशी एकच संस्था असती तर आर्मस्ट्राँग आजही सात वेळचा टूर दी फ्रान्स विजेता म्हणून मिरवत असता.

२०१२ मध्ये युसाडाने म्हणजे अमेरिकेच्या एजन्सीने त्याच्यावर केस केली तेव्हा यूसीआय, सायकलिंगचा जागतिक महासंघ, मध्येच उठून म्हणाला की हा अधिकार आमचा, तुम्ही कोण? याच यूसीआयने आर्मस्ट्राँगकडून आधी देणग्या घेतलेल्या बरं का. आर्मस्ट्राँग स्वतः टेक्ससच्या फेडरल कोर्टात गेला की युसाडाला माझ्यावर अधिकारच नाही. ऑगस्टमध्ये कोर्टाने दावा फेटाळला, मग यानेच लढाई सोडली आणि ऑक्टोबरमध्ये यूसीआयला मुकाट्याने सही करावी लागली. तेव्हा सगळा अधिकार एकट्या महासंघाकडे असता तर काय झालं असतं ते तुम्हीच सांगा.

अजून एक. २००८ च्या टूरच्या वेळी यूसीआय आणि आयोजकांचं फाटलेलं, म्हणून ती रेस फ्रेंच फेडरेशनखाली झाली आणि टेस्टिंग एएफएलडीने म्हणजे फ्रान्सच्या एजन्सीने केलं. सायकलपटू रिक्को स्पर्धा चालू असतानाच सेरा या रक्तपेशी वाढवणाऱ्या औषधात सापडला, नंतर नमुने परत तपासले तेव्हा शूमाखर, कोल वगैरे मंडळी सापडली. अधिकाराचं भांडण झालं म्हणूनच हे घडलं!

खडूस_प्रेक्षक

@लेन_नंबर_चार आर्मस्ट्राँग टेस्टमध्ये नाही सापडला, साथीदारांच्या साक्षींमुळे सापडला. इतक्या जणांनी इतकी वर्षं टेस्ट घेऊन काय उजेड पाडला मग? आणि मी महासंघाकडे द्या म्हणतच नाहीये, महासंघापासून वेगळ्या संस्थेकडे द्या म्हणतोय.

बाउन्सर७७

आयटीएच्या बोर्डावर ऑलिंपिकवाल्यांची माणसं बसतात, कसली वेगळी घेऊन बसलात 😄

क्रिकेटचं कोणी बोलत नाही म्हणून मीच बोलतो. बीसीसीआयने कित्येक वर्षं नाडाला, म्हणजे आपल्या देशाच्या एजन्सीला, दारात उभं केलं नव्हतं, कारण काय तर खेळाडू रोज कुठे असतात ते सांगणार नाही, प्रायव्हसी, सिक्युरिटी. नमुने गोळा करायला कोण होतं? तीच ती आयडीटीएम. शेवटी ऑगस्ट २०१९ मध्ये मान्य केलं, आणि तेही कधी, तर पृथ्वी शॉची ८ महिन्यांची बंदी जाहीर झाल्यावर. टेस्ट फेब्रुवारीतली, निर्णय जुलै अखेरीस, आणि बंदी धरली मार्चपासून म्हणजे निम्मी शिक्षा जाहीर व्हायच्या आधीच भोगून झालेली. टेस्टही तेच घेणार, निकालही तेच देणार आणि शिक्षेची तारीखही तेच ठरवणार. याला अधिकार म्हणायचं का घरचं कार्य?

एकेकाळची_शॅपरोन

मी मैदानी स्पर्धांमध्ये शॅपरोनचं काम केलंय, म्हणजे ज्याची निवड झाली त्याला रेस संपल्या संपल्या गाठायचं, सही घ्यायची आणि टेस्टच्या खोलीत पोचेपर्यंत नजरेआड होऊ द्यायचं नाही. मीडियाशी बोलूदे, मेडल घेऊदे, आपण दोन पावलं मागे. खोलीत गेल्यावर किट तो स्वतः निवडतो, भांड्यातून बाटल्यांत तो स्वतः ओततो, आधी बी बाटलीत थोडं मग ए मध्ये, एकूण ९० मिली तरी लागतंच. रेसमध्ये घाम गाळून आलेल्या माणसाला ९० मिलीसाठी दोन दोन तास बसलेलं बघितलंय. लॅबला जाणाऱ्या कागदावर नाव नसतं, फक्त कोड नंबर.

हे सांगायचं कारण म्हणजे तो फॉर्म. त्याच्यावर वेगवेगळे रकाने असतात, टेस्ट कोणाच्या आदेशाने, नमुना घेणारी संस्था कोणती, आणि निकालाचं पुढे काय करायचं ते कोण बघणार. तिन्ही ठिकाणी वेगळी नावं असू शकतात. खेळाडू सगळं लक्ष बाटलीच्या झाकणाकडे ठेवतात, कडेकडेने वाजत घट्ट बसलं का ते बघतात, आणि ह्या रकान्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. खरी गोम तिथे आहे. नमुना कोणी घेतला याने फारसं काही बिघडत नाही हो, पद्धत सगळीकडे तीच. तिसऱ्या रकान्यात कोण आहे ते बघा.

तसंच स्पर्धेच्या ठिकाणी स्पर्धा चालू असताना एकाच संस्थेने टेस्ट घ्यायची हा नियम आत्ताही आहे. दुसऱ्या कोणाला घ्यायची असेल तर तिला विचारायचं, तिने नाही म्हटलं तर वाडाकडे जायचं. म्हणजे धागाकर्ते म्हणतात तसा अगदी बाजार नाही मांडलेला.

खडूस_प्रेक्षक

@एकेकाळची_शॅपरोन तिसऱ्या रकान्याचं पटलं, पण त्याने माझीच बाजू पक्की होते ना? रशियाची फिगर स्केटर वालिएवाचं बघा. २५ डिसेंबर २०२१ ला रशियाच्या राष्ट्रीय स्पर्धेत रुसाडाने म्हणजे रशियाच्या एजन्सीने नमुना घेतला, तपासला स्टॉकहोमच्या लॅबने, रिपोर्ट आला ८ फेब्रुवारीला, म्हणजे बीजिंगमध्ये टीम इव्हेंट उरकल्यावर! रुसाडाने तात्पुरती बंदी घातली आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच समितीने उठवली. आयओसी (आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती), वाडा, स्केटिंग महासंघ सगळे कॅसमध्ये गेले तरी पोरगी खेळली, का तर १५ वर्षांची आहे. निकाल जानेवारी २०२४ मध्ये, ४ वर्षं. अमेरिका आणि जपानच्या टीमला मेडल मिळाली ऑगस्ट २०२४ मध्ये, पॅरिसला, उन्हाळी ऑलिंपिकमध्ये. बर्फावरचं मेडल उन्हात! हे सगळं पहिल्या दिवसापासून बाहेरच्या संस्थेकडे असतं तर घरच्या समितीला बंदी उठवताच आली नसती.

नियमावर_बोट

सुन यांगच्या केसमध्ये एक गोष्ट धाग्यात राहून गेली. कॅसचं म्हणणं असं की कागदांबद्दल शंका आहे ना, मग नमुना दे, फॉर्मवर आपला आक्षेप लिही आणि नंतर भांड. फॉर्मवर शेरा लिहायला जागा असतेच. त्या रात्री अधिकार कोणाचा हे खेळाडूने ठरवायचं ठरलं तर उद्या प्रत्येकजण दारातच वकील उभा करेल. टेस्ट नाकारली तर शिक्षा ४ वर्षं, म्हणजे पॉझिटिव्ह आल्यासारखीच, आणि ती तशी असायलाच हवी, नाहीतर ज्याने घेतलंय तो दारच उघडणार नाही.

बाउन्सर७७

@नियमावर_बोट म्हणजे रात्री अकराला ओळखपत्र नसलेला माणूस सुई घेऊन आला तरी हात पुढे करायचा? मस्त.

नियमावर_बोट

मुख्य ऑफिसरकडे कंपनीचं ओळखपत्र होतं, फिनाचं पत्र होतं. प्रत्येकाच्या नावाचं वेगळं पत्र हवं असं तेव्हाच्या नियमात नव्हतं असंच कॅस म्हणालं. चूक असेल तर नियमाची आहे, सुधारा की. पण खेळाडूने टेस्टसाठी रोजचा एक तास आणि ठिकाण आधीच कळवायचं, १२ महिन्यांत तीनदा चुकलं तर केस, ही पद्धत जाचक आहे म्हणून फ्रेंच खेळाडू युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले होते आणि जानेवारी २०१८ मध्ये तिथेही हरले. न्यायालय म्हणालं खाजगी आयुष्यात ढवळाढवळ आहे पण कारण पुरेसं आहे.

लेन_नंबर_चार

@खडूस_प्रेक्षक बाहेरच्या संस्थेचं इतकं कौतुक करताय, तर २३ चिनी जलतरणपटूंचं काय? जानेवारी २०२१ मध्ये ट्रायमेटाझिडीन हे बंदी असलेलं हृदयाचं औषध सापडलं, चिनाडा म्हणजे चीनची एजन्सी म्हणाली हॉटेलच्या किचनमधून आलं, एकालाही बंदी नाही. आणि वाडा, जी सगळ्यांच्या वर बसलीय, तिने अपील केलं नाही. जगाला कळलं एप्रिल २०२४ मध्ये, ते पण पत्रकारांमुळे. नंतर वाडाने नेमलेल्या स्विस वकिलांनी, कॉटियर यांनी, पक्षपात झाला नाही असा अहवाल दिला. नसेल झाला. पण ओरडा कोणी केला? युसाडाने, म्हणजे दुसऱ्या देशाच्या एजन्सीने. उद्या तुमच्या एकुलत्या एक संस्थेने गप्प बसायचं ठरवलं तर ओरडायला उरणार कोण?

शिवाय अचानक टेस्ट घ्यायची तर माणूस तिथलाच लागतो. परदेशी ऑफिसर व्हिसा काढून, विमानाने, हॉटेलात उतरून येणार म्हणजे बातमी त्याच्या आधी पोचलेली.

पैसा_बोलतो

सगळे अधिकारावर बोलताय, पैसा कोण देतो ते बघा. वाडाचा खर्च निम्मा आयओसी आणि निम्मा सरकारं. चीनच्या प्रकरणानंतर अमेरिकेने २०२४ ची ३६ लाख डॉलर्सची वर्गणीच दिली नाही. आणि हीच अमेरिका, जिने २०२० मध्ये रॉडचेन्कोव्ह कायदा करून ठेवलाय की आंतरराष्ट्रीय स्पर्धेत डोपिंगचा कट केला तर जगात कुठेही असो आम्ही फौजदारी खटला भरू, तिच्या एनबीए (बास्केटबॉल), एनएफएल (अमेरिकन फुटबॉल) या लीग वाडाच्या नियमावलीत नाहीतच, त्यांची टेस्टिंग त्यांच्या खेळाडू संघटनांशी करार करून चालते. दुसऱ्याच्या घरात पोलीस आणि आपल्या घरात समझोता.

एकेकाळची_शॅपरोन

रॉडचेन्कोव्ह कायदा खेळाडूंवर नाही हो लागत, पुरवणाऱ्यांवर लागतो, टेक्ससच्या एरिक लिरावर केस झाली तशी. तो पूर्ण वेगळा विषय आहे, नमुना घ्यायचा अधिकार त्याने कोणालाच मिळत नाही.

आणि वरच्या वादात दोघंही अर्धे बरोबर आहात असं म्हणायला मी आलेली नाही 🙂 मला @लेन_नंबर_चार यांचं पटतं, टेस्ट घेणारे जितके जास्त तितकं चांगलं. फक्त निकालाचा रकाना देशाच्या एजन्सीकडून काढा, निदान आंतरराष्ट्रीय पातळीच्या खेळाडूंसाठी तरी. ॲथलेटिक्सने २०१७ मध्ये एआययू नावाचं स्वतंत्र युनिट काढून हेच महासंघापुरतं केलंय, महासंघाचे पदाधिकारी त्यांच्या केसेसमध्ये पडत नाहीत. कोलमनसारखा १०० मीटरचा वर्ल्ड चॅम्पियन टेस्ट चुकवली म्हणून टोकियोला मुकला, तेही त्यांच्याच खेळाचा सगळ्यात मोठा चेहरा असताना. आधीच्या काळात झालं असतं का हे?

खडूस_प्रेक्षक

मग आयटीएकडे फक्त निकाल द्या, नमुने कोणीही घ्या, असं? यावर विचार करायला हरकत नाही. पण मग रुसाडासारखं झालं तर? २०१५ मध्ये ती नियमबाह्य ठरली तेव्हा रशियातलं टेस्टिंग ब्रिटनच्या यूकॅडच्या देखरेखीखाली चालवावं लागलं होतं. ज्या एजन्सीने नमुनाच घेतला नाही तिथे निकालाचा रकाना कोणाच्याही नावाने भरा, काय फरक पडतो?

लेन_नंबर_चार

तिथे महासंघ घेईल की. म्हणून तर म्हणतोय दोघांकडेही अधिकार राहूदे.