तुमचं इंजिन कोणतं? घरच्या घरी गाडी उघडणाऱ्यांचे अनुभव

मेकॅनिकी आपला धंदा नाही, पण रविवारी बॉनेट उघडल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, त्यांच्यासाठी हा धागा. आपण एखाद्या कंपनीचे का होऊन जातो? मला वाटतं, ज्या इंजिनावर पहिल्यांदा हात काळे झाले, त्याचे आपण होतो.

माझं मारुती ८००चं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्ब्युरेटरवालं. कॉलेजात असताना काकांची गाडी घरी आली. पहिल्याच रविवारी प्लगच्या वायरी काढून पुसल्या आणि परत लावताना त्यांची अदलाबदल केली. सेल्फ मारला की नुसती खोकायची. १-३-२ हा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, त्या दुपारी जो पाठ झाला, तो कायमचा. १०, १२, १४ आणि १७चे पाने जवळ असले की बहुतेक कामं होतात. पुढे बऱ्या गाड्या घेतल्या, पण उघडाविशी वाटते ती हीच.

तुमची कोणती? कंपनी बदलली असेल, तर तेही लिहा.

दादर

प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसी, आमच्या कुर्ल्यात बांधलेली. टॅपेटचं कव्हर काढलं की व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर समोर. वडील फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, माझ्या हातात द्यायचे आणि सांगायचे, पाती सहज सरकली तर सैल आहे, अडकली तर घट्ट आहे, जराशी ओढ लागली पाहिजे. ती ओढ बोटांना कळायला मला दोन वर्षं लागली. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ची. टॅक्सीची वीस वर्षांची मुदत भरली आणि २०२३ला काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. त्या आठवड्यात मी गेज काढून तेलाने पुसून ठेवली.

निफाड

आमच्याकडे महिंद्राची एमएम ५४०. इंजिन मूळचं प्युजोचं, एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी डिझेल. द्राक्षाच्या हंगामात एकदा मळ्यातच डिझेल संपलं आणि इंजिनाने एअर घेतली, म्हणजे डिझेलच्या पाइपांत हवा शिरली. कॅन ओतला, सेल्फ मारत बसलो, बॅटरी उतरली. शेजारच्या मळ्यातले आबा आले. म्हणाले, "बॅटरीचा जीव घेऊ नको, आधी एअर काढ." फिल्टरवरचा स्क्रू सैल करायला लावला आणि हातपंप मारायला सांगितलं. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेलची धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळला. मग इंजेक्टरचे नट एकेक करून सैल केले, ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून सेल्फ मारला, तिथे डिझेल आलं तसे नट आवळत गेलो. सिलिंडर गरम करणारा हीटर तापू दिला आणि जीप एका आवाजात सुरू झाली.

त्या दिवसापासून मी महिंद्रावाला. गावात कुणाचीही जीप बंद पडली की आता मला बोलावतात. आणि इंजिन प्युजोचं आहे हे माहीत असूनही आमच्याकडे कुणी त्याला प्युजो म्हणत नाही.

चिंचवड

वरच्या शेवटच्या वाक्यावरच लिहायचं होतं. माझी स्विफ्ट डिझेल, मेव्हण्याची पुंटो, शेजारच्या काकांची इंडिका व्हिस्टा क्वाड्राजेट. तिघे आपापल्या कंपनीसाठी भांडायचो आणि तिघांच्या बॉनेटखाली फियाटचं तेच १२४८ सीसी मल्टिजेट! आमच्याजवळच रांजणगावला ते बनायचं. एकदा तिन्ही गाड्या ओळीत लावून बॉनेट उघडली, तेव्हापासून मी बिल्ल्याचा नाही, इंजिनाचा आहे. टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे, हे मला फार आवडतं. फक्त ऑइल बदलायला कधीही उशीर करू नये, कारण चेनचा ताण ऑइलच्याच दाबावर असतो. एप्रिल २०२०ला धुराचे बीएस-६ नियम आले आणि मारुतीने डिझेलच बंद केलं. मला ते मनापासून लागलं.

पिंपरी

टाटाची इंडिका, १४०५ सीसी डिझेल. बाबांच्या वर्कशॉपमध्ये तिचे काही भाग लेथवर बनायचे. घरात दुसऱ्या कंपनीची गाडी येणार नाही. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही.

मिशिगन

इथे हे वेड पिढीजात आहे. आमचे शेजारी फोर्डचे, त्यांचे व्याही शेव्हरलेचे. फोर्डने १९३२ला स्वस्त गाडीत व्ही-८ दिलं, शेव्हरलेचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ १९५५चं, आणि वाद अजून मिटलेला नाही. मी मारुतीवर शिकलेला, म्हणून दोघेही मला बोलावतात. फोर्डच्या ३०२ इंजिनाला डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणारा भाग, पुढे, हाताशी. शेव्हरलेच्या ३५० इंजिनाला मागे, केबिनलगतच्या फायरवॉलला चिकटून. टायमिंग लावायला वाकून माझी पाठ दुखली, तेव्हा मी मनातून फोर्डच्या बाजूला गेलो. व्याह्यांना अजून सांगितलेलं नाही.

कोल्हापूर

निफाडकर दादा, माझ्याकडेही एमएम ५४० आहे, तेच इंजिन. दिवसा लगेच सुरू होते, पण रात्रभर उभी राहिली की एअर घेते. पाइपचे वॉशर बदलले, तरी तेच. तुमचे ते आबा अजून आहेत का? असतील तर जीप घेऊन येतो.

निफाड

आहेत. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा रबरी पाइप आधी बघा, बाहेरून चांगला दिसतो आणि क्लिपखाली चिरलेला असतो. तरीही याच. आबांना दुसरी एमएम ५४० बघायला मिळाली तर त्यांना बरंच वाटेल.