अनुभव धागा : कॉलेजच्या बास्केटबॉल कोचची कारकीर्द

कॉलेज संघातून खेळलेले, संघ घेणारे, कोचच्या घरात वाढलेले, सगळ्यांनी लिहा. कप किती जिंकले ते नको. मॅच नसते त्या दिवसांचं लिहा. सुरुवात मी करते.

एकोणीस वर्षं मी मुलींचा संघ घेतला. कायम नोकरी कधीच नव्हती. सीझनपुरतं मानधन, तेही मार्च उलटल्यावर हातात यायचं. पावसाळ्यात आमचं सिमेंटचं कोर्ट निसरडं व्हायचं, म्हणून सकाळी सहाला आम्ही सगळ्या पाणी ओढायला लागायचो आणि उरलेल्या वेळात ले-अप, म्हणजे धावत जाऊन बास्केटजवळून बॉल टाकायचा सराव. माझी सगळ्यात मोठी मेहनत मात्र कोर्टाबाहेर झाली. एका मुलीला झोनलसाठी, म्हणजे विभागीय स्पर्धेसाठी बाहेरगावी पाठवायला वडील तयार नव्हते. तीन वेळा त्यांच्या घरी गेले. तिसऱ्या वेळी तिच्या आजीनं विचारलं, "रात्री पोरी झोपतात तिथं तुम्ही असता ना?" मी म्हटलं, "दाराशी माझीच गादी असते." आजीनंच बॅग भरून दिली.

टेनेसीकर

मी अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलला राहतो. इथे पॅट समिट हे नाव घरातल्या माणसासारखं घेतात. 1974 मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी त्यांनी टेनेसी विद्यापीठाचा महिला संघ हाती घेतला. पगार महिना 250 डॉलर. खेळाडूंचे कपडे स्वतः धुवायच्या, व्हॅनही स्वतः चालवायच्या. पुढे 38 सीझन, 1098 विजय, 8 राष्ट्रीय विजेतेपदं. मला भिडते ती वेगळीच गोष्ट: त्यांच्याकडे खेळण्याची मुदत पूर्ण केलेल्या प्रत्येक मुलीनं पदवी घेतली.

2011 मध्ये त्यांनी अल्झायमरचं निदान जाहीर केलं, तरी आणखी एक सीझन त्या बेंचवर बसल्या. त्या हिवाळ्यात मी दोन मॅचना गेलो. टाइमआउटला बोलायचं काम बरंचसं सहायक करत होते. मी खेळ कमी आणि त्यांच्याकडेच जास्त बघत होतो. आईला तेव्हा नुकतंच विसरायला व्हायला लागलं होतं. 2016 मध्ये समिट गेल्या, तेव्हा पुण्याला फोन करून नुसता आईचा आवाज ऐकला.

डावखुरा

बाबा नागपुरात कोच होते. विद्यापीठाच्या स्पर्धा दिवाळीच्या आगेमागे, त्यामुळे घरच्या फराळाचा पहिला डबा संघाकडे जायचा. ते गेल्यावर त्यांच्या वह्या काढल्या. वाटलं, डावपेच असतील. थोडे होतेही. बाकी पानांवर कुणाच्या फीची शेवटची तारीख कधी, कुणाची मेस बंद झाली, कुणाची अटेन्डन्स कमी पडतेय. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. पैसे कमी का पडायचे, ते तिला त्या दिवशी कळलं. ती रागावली नाही, पण बराच वेळ बोललीही नाही.

पॉइंट गार्ड

दुसरी बाजूही यायला हवी. गुडघा सुजलेला असताना आमच्या कोचनं मला फायनलला उतरवलं. लिगामेंट तुटलं, खेळ संपला. वय वर्षं वीस. "जमेल का?" असं त्यांनी विचारलं होतं हे खरं, पण वीस वर्षांचा मुलगा नाही म्हणत नाही, हे कोचला कळायला हवं. आज मी स्वतः संघ घेतो. दुखतंय का, हे मुलांना विचारत नाही. जिना उतरायला लावतो आणि बघतो.

नवा कोच

माझं दुसरंच वर्ष. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाचे कोच जॉन वुडन सीझनच्या सुरुवातीला खेळाडूंना मोजे कसे घालायचे ते शिकवायचे. सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. ते 1948 मध्ये तिथे आले आणि पहिलं राष्ट्रीय विजेतेपद 1964 मध्ये मिळालं. ते धरून 1975 पर्यंत एकूण दहा. मला त्या दहांपेक्षा आधीची सोळा वर्षं मोठी वाटतात.

जूनमध्ये मीही पोरांना मोजे घालायला बसवलं. तेव्हा दिसलं की चौघांचे बूट त्यांचे नाहीतच. कुणाचे भावाचे, कुणाचे मित्राचे, पुढे कागदाचे बोळे कोंबलेले. वर्षभर मी त्यांना "पाय हलव" म्हणून ओरडत होतो.

धागाकर्ती

@नवा कोच, चौघांच्या बुटांचे नंबर कळवा. माझ्या जुन्या विद्यार्थिनींचा ग्रुप आहे, आज रात्रीच टाकते.