अनुभव धागा: कॉम्प्युटर स्वतः जुळवलात की तयार घेतलात?

माझी लेक आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑटोकॅड, स्केचअप आणि आता रेव्हिट, सगळी ड्रॉइंगची जड सॉफ्टवेअर. लॅपटॉप तापून बंद पडतो, म्हणून घरी डेस्कटॉप घ्यायचं ठरलं आहे. टेबलावर दोन कोटेशनं आहेत. एक ब्रँडेड टॉवर, ६२,५०० रुपये, विंडोज धरून, तीन वर्षांची घरी येऊन दुरुस्ती. दुसरं पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानाचं, असेंबल्ड, म्हणजे सुटे भाग जोडून दिलेला, ५८,००० रुपये. त्यात ग्राफिक्स कार्ड बरंच चांगलं आहे, पण विंडोज नाही. त्याचे नऊ-दहा हजार वेगळे. म्हणजे 'असेंबल्ड स्वस्त पडतो' हे मी वर्षानुवर्षं ऐकत आले, ते या कागदांवर तरी दिसत नाही.

कुठला ब्रँड चांगला, हे मला विचारायचं नाही. तुमचं मशीन बंद पडलं तेव्हा काय झालं, कोण आलं, किती दिवस गेले, ते सांगा. घेतानाची गोष्ट सगळेच सांगतात.

दादर, निवृत्त

पहिला कॉम्प्युटर १९९८ साली लॅमिंग्टन रोडवरून घेतला. सेलेरॉन ३०० मेगाहर्ट्झ, ३२ एमबी रॅम, ४.३ जीबी हार्ड डिस्क, चौदा इंची रंगीत मॉनिटर. सगळे मिळून अडतीस हजारांच्या आसपास. ग्रँट रोड स्टेशनवर उतरून मी तीन शनिवार नुसते भाव विचारत फिरलो. दुकानातला मुलगा टॅक्सीतून सामान घेऊन घरी आला. आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्याने सगळे जोडले आणि मी शेजारी बसून वहीत आकृत्या काढल्या. ती वही अजून आहे.

त्या वहीमुळे पुढे अकरा वर्षे कॅबिनेट तेच राहिले. आतला मदरबोर्ड दोनदा बदलला, रॅम तीनदा. बंद पडले की मी तो भाग काढायचो, पिशवीत घालायचो आणि लोकलने जायचो. त्या वेळी दुकानदार प्रत्येक भागावर महिना-वर्ष लिहिलेला आपला छोटा स्टिकर लावत असे. तो स्टिकर हीच वॉरंटी. एकदा पुसताना हार्ड डिस्कवरचा स्टिकर निघाला आणि दुकानदाराने हात वर केले. आता कंपनीचा सिरीयल नंबर चालतो. ताई, बिलावर प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर लिहून घ्या. 'कॉम्प्युटर सेट, एक नग' असे बिल घेऊ नका.

लातूर जिल्हा, संगणक प्रशिक्षण केंद्र

आमचं एमएस-सीआयटीचं सेंटर २००६ साली सुरू झालं. बारा मशिनी लागणार होत्या. ब्रँडेडचा भाव परवडणारा नव्हता, म्हणून बाराही असेंबल्ड घेतल्या आणि हट्टाने अगदी एकसारख्या घेतल्या. तोच मदरबोर्ड, तीच रॅम, तेच एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा). दुकानदार म्हणत होता, चार बोर्ड दुसऱ्या कंपनीचे देतो, लगेच मिळतील. मी दहा दिवस थांबलो. त्या दहा दिवसांचा फायदा मला सहा वर्षं मिळाला.

तेव्हा आमच्याकडे दिवसाला आठ-दहा तास भारनियमन असायचं. लाइट यायची तीही झटके देत. पहिल्या उन्हाळ्यात पाच एसएमपीएस गेले. पुढे मदरबोर्डही गेले. पण बारा मशिनी सारख्या असल्यामुळे एक मशीन मोकळी करून तिचे भाग बाकीच्यांना लावता यायचे. बॅच कधी चुकली नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री मी आणि माझा धाकटा भाऊ टॉर्चच्या उजेडात रॅम बदलत बसलेले आहोत, आणि सकाळी नऊला पोरं आपापल्या जागेवर बसली आहेत. मुलींच्या बॅचला तर पाच-सहा किलोमीटरवरून एसटीने येणाऱ्या पोरी असायच्या. 'मशीन बंद आहे, उद्या या' असं त्यांना सांगणं मला शक्यच नव्हतं.

नंतर ऑफिससाठी एक ब्रँडेड घेतला. दिसायला सुबक, आवाज नाही, चार वर्षं उत्तम चालला. वॉरंटी संपली आणि एसएमपीएस गेलं. बाजारातलं कुठलंही लावता येईना. नेहमीच्या मदरबोर्डला चोवीस पिनांची वायर लागते, याच्या बोर्डाची जोडणीच वेगळी होती आणि एसएमपीएसचा आकारही वेगळा. लातूरला मिळालं नाही, सोलापूरला नाही. शेवटी मुंबईहून तीन आठवड्यांनी जुनं काढलेलं मिळालं, नव्याच्या दीडपट भावात. तयार मशीन घेणाऱ्याने एवढं नक्की विचारावं: यात बाजारातलं साधं एसएमपीएस बसतं का? दुकानदाराला माहीत नसेल तर झाकण उघडून दाखवायला सांगावं.

रत्नागिरी

आमच्याकडे खारी हवा. कॅबिनेटचे स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतात, रॅमचे संपर्क काळवंडतात. खोडरबराने हलके पुसले की बहुतेक वेळा मशीन पुन्हा सुरू होते. हे शिकलो म्हणून निभावले. ब्रँडेड घेतला होता तेव्हा 'घरी येऊन दुरुस्ती' असे लिहिलेले होते, पण तक्रार नोंदवल्यावर कळले की आमचा पिनकोड त्यांच्या यादीत नाही. मशीन गाडीत घालून कोल्हापूरला न्यावी लागली. घेण्याआधी पिनकोड सांगून विचारा.

छत्रपती संभाजीनगर, इंजिनियरिंगचा विद्यार्थी

२०२१ मध्ये मी स्वतः जोडला. ते वर्ष फार वाईट होतं. एकीकडे चिपचा तुटवडा, दुसरीकडे इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, त्यालाही ग्राफिक्स कार्डंच लागायची. ग्राफिक्स कार्डं छापील किमतीच्या दुपटीला जात होती. मी ठरवलं, कार्ड नंतर घेऊ. आणि दीड हजार वाचतात म्हणून इंटेलचा नावापुढे 'एफ' असलेला प्रोसेसर घेतला. सगळं जोडलं, पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन काळी. दोन रात्री मी सगळं उलगडून परत जोडत होतो. रॅम बदलली, मॉनिटर बदलला. तिसऱ्या दिवशी एका सीनियरने खोक्यावरचं नाव वाचलं आणि सांगितलं, अरे, 'एफ'मध्ये ग्राफिक्स नसतंच, वेगळं कार्ड लावल्याशिवाय चित्र येणार नाही.

बाबांनी महिन्याच्या पगारातून पैसे दिले होते. घरी सांगायला मला चार दिवस लागले. बाबा रागावले नाहीत, म्हणाले, जा, बदलून मिळतो का बघ. दुकानदाराने हजार रुपये कापून प्रोसेसर आणि बोर्ड दोन्ही परत घेतले. मी एएमडीचा रायझन ५ ५६००जी आणि त्याचा बोर्ड लावला. तो तेव्हा नुकताच आला होता. त्यात ग्राफिक्स आतच आहे. आजही तोच चालू आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबलं, कार्डांचे भाव उतरले, मग कार्ड घेतलं.

दोन गोष्टी मला कुणी सांगितल्या नव्हत्या. रॅम एकाच पट्टीची घेण्यापेक्षा दोन पट्ट्यांची घ्यावी. ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असेल तर फरक लगेच जाणवतो. आणि जोडल्यानंतर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन रॅमचा वेग चालू करावा लागतो, नाहीतर पैसे मोजलेला वेग मिळतच नाही. मी सात महिने कमी वेगावर चालवत होतो.

सांगली, डीटीपी आणि लग्नपत्रिका

माझं मशीन असेंबल्ड होतं. पेजमेकर, श्रीलिपी, वीस वर्षांच्या पत्रिकांच्या फाइली. ऑगस्ट २०१९ च्या पुरात रात्री पाणी गल्लीत शिरलं तेव्हा हातात अर्धा तास होता. कॅबिनेट जड, वरच्या मजल्यावर आधी आईला न्यायचं होतं. मी मागचे दोन स्क्रू काढले, पत्रा सरकवला, हार्ड डिस्क ओढून काढली, श्रीलिपीचं लॉक (जे लावल्याशिवाय ते मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर चालत नाही) काढलं आणि दोन्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून शर्टाच्या आत ठेवलं. बाकी सगळं पाण्यात गेलं. पंधरा दिवसांनी मिरजेच्या मित्राच्या मशीनला ती डिस्क लावली आणि सगळ्या फाइली जशाच्या तशा उघडल्या. मी तिथेच रडलो. आत कुठे काय आहे ते हाताला माहीत होतं म्हणून अंधारात जमलं.

पुरानंतर पैसे नव्हते. तेव्हा मी तिसरा रस्ता धरला, जो वर कुणी सांगितलेला नाही. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून काढून टाकतात ती ऑफिसची ब्रँडेड मशीन. पुण्याहून आणली, विंडोजसकट अकरा हजारांना. बांधणी मजबूत, सहा वर्षं कुरकुर नाही. अडचण आता आली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. माझं मशीन चौथ्या पिढीचं. मी त्याची इंटरनेटची वायर काढून टाकली आहे, पत्रिका त्यावर करतो आणि पेन ड्राइव्हने प्रेसला देतो. जुनं मशीन घेणार असाल तर पिढी आधी बघा.

न्यू जर्सी

मी आणि माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने मिळून जोडला. पॅटरसनला मायक्रो सेंटर आहे, तिथे प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम एकत्र घेतली की स्वस्त पडते. प्रोसेसर सॉकेटमध्ये ठेवताना तिने श्वास रोखून धरला होता. खटका दाबताना कुरकुर आवाज होतो, तेव्हा ती दचकली, मीही दचकले. रविवारी संध्याकाळी सहाला सुरू झाला. आता तिच्या मैत्रिणींचे कॉम्प्युटर तीच उघडते.

पण नाशिकला आईबाबांसाठी मी ब्रँडेडच घेतला, तोही जास्त पैसे देऊन. बाबांचा फोन येतो तेव्हा इथे रात्रीचे दोन वाजलेले असतात. "अगं, स्क्रीनवर काहीतरी निळं आलंय," असं ते सांगतात. मी सात समुद्रांपलीकडून कुठला भाग गेला ते कसं ओळखणार? दोनदा तक्रार केली. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी माणूस घरी आला, आईने त्याला चहा दिला, तासाभरात काम झालं. त्या वॉरंटीचे पैसे मला कधीच जास्त वाटले नाहीत.

कोल्हापूर, दुरुस्तीचं दुकान

ताई, तुमच्या असेंबल्डच्या कोटेशनमध्ये एसएमपीएसपुढे काय लिहिलंय ते बघा. नुसतं '४५० वॉट एसएमपीएस' लिहिलं असेल तर कंपनी आणि मॉडेल मागा. प्रोसेसर, रॅम, कार्ड यांची नावं गिऱ्हाईक विचारतं म्हणून दुकानदार तिथे हात आखडता घेत नाही. पैसे वाचवतो ते एसएमपीएस आणि कॅबिनेटमध्ये. हलकं एसएमपीएस हातात घेतलं की वजनावरूनच कळतं. ते जाताना कधी एकटं जात नाही, बोर्ड किंवा डिस्क सोबत नेतं. माझ्याकडे येणाऱ्या जळक्या बोर्डांमागे बहुतेक वेळा हेच असतं.

दुसरं म्हणजे अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात अशी तक्रार घेऊन लोक मशीन माझ्याकडे आणतात. इथे लावलं की काही होत नाही. घरातल्या बोर्डावर तिसऱ्या पिनेला वायरच जोडलेली नसते. मशीन कुठलीही घ्या, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. दोनशे-तीनशे रुपयांत तपासून होतं.

आणि स्वतः जोडणाऱ्या पोरांना सांगणं: प्रोसेसरवर बसवायच्या कूलरच्या तळाचं प्लॅस्टिक काढा. ते न काढल्यामुळे तापून बंद पडणारी मशीन दर महिन्याला एखादी तरी येते.

ठाणे, लहान व्यवसाय

व्यवसायासाठी घेत असाल तर जीएसटी नंबर टाकूनच बिल घ्या, १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं. भाग निरनिराळ्या दुकानांतून जमवले तर सात-आठ बिलं सांभाळावी लागतात आणि त्यातलं एक दुकान बिलच द्यायला तयार नसतं. आम्ही एकाच दुकानातून जोडून घेतो.

धागा सुरू करणारी, पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. कोल्हापूरच्या दादांचं वाचून मी कोटेशन काढलं. एसएमपीएसपुढे खरोखर फक्त '४५० वॉट' होतं. फोन केला. दुकानदाराने चांगल्या कंपनीचं साडेपाचशे वॉटचं सुचवलं, एकवीसशे रुपये जास्त. मग म्हणाला, मॅडम, रॅमचा भाव मात्र त्या दिवशीचा धरू नका. डेटा सेंटरच्या मागणीमुळे २०२५ च्या शेवटापासून रॅम भराभर वाढते आहे, कोटेशन दोन दिवसच चालतं. नवा आकडा ६७,००० च्या पुढे गेला, विंडोज वेगळंच.

ब्रँडेडवाल्याकडे मशीन जुन्या भावाने आलेली आहे, ती अजून ६२,५०० लाच. आमचा पिनकोड यादीत आहे. लातूरच्या सरांचा प्रश्न विचारला, तेव्हा त्या मुलाने खरंच झाकण उघडलं. चोवीस पिनांची वायर, साध्या आकाराचं एसएमपीएस, रॅमची एक जागा मोकळी, पुढे मोठं कार्ड लावायला जागा आहे. लेक वाकून वाकून बघत होती. तिने मोबाइलवर आतले फोटो काढले, आणि घरी आल्यावर दादरच्या काकांसारखी वहीत आकृती काढायला बसली.

तीच घेतो आहोत. शनिवारी येईल, शुक्रवारी इलेक्ट्रिशियनला बोलावलं आहे.