खामगाव ते शेगाव: पायी चाललेला तुमचा एक दिवस सांगा

पऱ्हाटीचं_फूल:
बाबा सध्या माझ्याकडे पुण्यात आहेत. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, काठी धरून घरातल्या घरात चालतात. आज चहा घेताना एकदम विचारलं, "पालखी खामगावात आली काय वं?" म्हटलं, हो, आज मुक्काम, उद्या शेगाव. मग काही बोलले नाहीत. चहा तसाच गार झाला.

मी नववीत होते तेव्हा त्यांच्यासोबत गजानन महाराजांच्या पालखीचा, पंढरपूरहून शेगावला परततानाचा हा शेवटचा टप्पा चालले होते. 16-17 किलोमीटर. त्या वर्षी पावसाने दडी मारली होती, पेरलेलं अर्धं उगवलंच नव्हतं आणि दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर आणून घरात ठेवलेलं. आई म्हणाली, असल्या दिवसांत कुठं चालता? बाबा म्हणाले, "असल्याच दिवसांत चालाव लागते."

पहाटे अंधारातच निघालो. तासाभरात माझ्या चपलीचा अंगठा तुटला. बाबांनी आधी सेफ्टी पिन लावून पाहिली, तीही वाकली. मग स्वतःच्या चपला काढून दिल्या. मोठ्या होत्या, म्हणून रुमाल फाडून पुढे बोळे कोंबले. ते अनवाणी. कडेला गिट्टी पडलेली, त्यावरून ते चालत होते आणि मी मागून त्यांच्या टाचा बघत होते. टाचांना इतक्या भेगा असतात हे मला घरात कधी दिसलंच नव्हतं.

शेगाव जवळ आल्यावर एक आजी ओट्यावर परात आणि कोमट पाणी घेऊन बसलेली. येईल त्याचे पाय धूत होती. बाबांनी पाय मागे घेतले, "नाई माय, लय माती हाये पायाले." ती म्हणाली, "मंग मी काय धुवाले बसली बापा?" परातीतलं पाणी काळं झालं तरी भेगांमधली माती निघेना. तिने अंगठ्याने एक-एक भेग चोळली. बाबा मान वळवून दुसरीकडे बघत राहिले.

तुम्ही कोण कोण चाललात? हाच टप्पा पाहिजे असं नाही. लिहा.

चहावाला_फाटा:
ताई जय गजानन. आमी चालत नाई, आमी चहा देतो. आता बी दूध तापवनं चालू हाये, म्हनून दोनच ओळी. रात्री दोनला चूल पेटते. पयल्या वर्षी 10 लिटर दूध नेलं व्हतं, अर्ध्या घंट्यात खतम. आता 60 लागते. मानूस चहा घेते अन् "माउली" म्हनते, तेवढ्यात झोप उडून जाते. बाकीचं मंग लिहतो, दूध उतू जाते.

नागझरीकर:
सगळे परतीचंच सांगतात. जातानाचा पहिला दिवस चाला एकदा. शेगाव, नागझरी, पारस. नागझरीत गोमाजी महाराजांच्या देवळाजवळ झऱ्याचं पाणी डोळ्यांना लावलं की पाय पुन्हा नवे होतात. पण त्यानंतर पारसच्या वीज केंद्राची चिमणी दिसायला लागते. दिसते, दिसते, आणि गाव काही येत नाही! माझा पुतण्या सहा वर्षांचा होता, रडवेला होऊन म्हणे, "काका, ते चिमनी बी आपल्यासंग चालून राह्यली का?" अजून आमच्या घरी कुठलं काम रखडलं की "पारसची चिमणी झाली" म्हणतात.

वऱ्हाडची_सून:
😂😂 पारसची चिमणी! माझं माहेर गायगाव, अगदी खरं आहे हे.

नागझरीकर:
गायगाव म्हणजे आमच्या सोयऱ्यांचंच गाव की. कोणत्या आळीत?

वऱ्हाडची_सून:
देवळामागे. मुलीला शाळेतून आणायचंय, आल्यावर बोलू दादा.

पूर्णाकाठ:
वारी नाही, कावड चालेल ना? गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरायचं आणि रातोरात अनवाणी अकोल्याला राजराजेश्वराला न्यायचं. श्रावणातला शेवटचा सोमवार. भाऊ दरवर्षी खांदा द्यायचा. 2020 ला कोविडमध्ये तो गेला. पुढे खांद्यावर घालायचा त्याचा टॉवेल मी घेतला. धुतला नाही अजून. इतकंच लिहवतंय.

पऱ्हाटीचं_फूल:
@पूर्णाकाठ ताई, काय बोलू. टॉवेल नका धुऊ.

चहावाला_फाटा:
ताई, यंदा आमच्या फाट्यावर या. तुमच्या भावाच्या नावानं एक पातेलं चहा.

सिस्टर_अमरावती:
उद्या पहिल्यांदा चालणाऱ्यांसाठी लिहिते, ड्युटी संपवून आत्ताच आले. नवे बूट घालू नका, रोजच्या वापरातलेच. मांड्या घासतात तिथे आणि बोटांच्या बेचक्यात आधीच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. मोजे ओले झाले की बदला, एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. फोड आला तर फोडू नका. सुई-दोरा ओवण्याचा उपाय सगळे सांगतात, पण त्याने पाय पिकतात. शुगर असलेल्यांनी अनवाणी चालूच नका, कळकळीची विनंती आहे. पायाची संवेदना कमी झालेली असते, काच घुसली तरी कळत नाही. अशा पायांची ड्रेसिंग मी रोज करते.

माळेगावचा_पोरगा:
कचोरी खायची की नाही ते सांगा सिस्टर 🙏

सिस्टर_अमरावती:
दर्शन झाल्यावर दोन. चालताना नाही.

कौंडण्यपूर_माहेर:
आमच्याकडे जरा वेगळं असतं. कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर आणि माझं सासर, वर्धा नदीच्या काठी. आषाढीसाठी आमची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा गावातल्या बाया ओटी भरतात, जशी लेक सासरी निघाली. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी सासूबाईंसोबत पहिल्या दिवसाचं चालले. त्या वर्षी मी माहेरी जाऊ शकले नव्हते, घरात बोलाचाली झाली होती, जाऊ द्या. तर शिवेवर सगळ्या बाया रडत होत्या आणि मीही रडत होते. सासूबाईंनी काही विचारलं नाही. रात्री मुक्कामाला स्वतःच म्हणाल्या, "परवाच्या एसटीनं जाय तू. तुह्या मायले माहा रामराम सांग." पिशवीत मूठभर तुरीची डाळ बांधून दिली. ती डाळ आईनं बरेच दिवस शिजवलीच नाही.

माळेगावचा_पोरगा:
आता मस्करी बाजूला. मागच्या वर्षी शेगावात शिरताना गर्दीत माझी आई हरवली. फोन माझ्याकडे, पैसे माझ्याकडे. तासभर वेड्यासारखा फिरलो. पांढऱ्या कपड्यातल्या एका सेवेकऱ्याने हात जोडून, "माउली, इकडं या" म्हणत नेलं. बघतो तर आई सावलीत बसून दुसऱ्याच एका हरवलेल्या आजीचे पाय दाबत होती. मला बघून म्हणे, "थांब, एक पाय राह्यला."

पऱ्हाटीचं_फूल:
बाबांना सगळं वाचून दाखवलं. "एक पाय राह्यला" दोनदा वाचायला लावलं. @चहावाला_फाटा, ते विचारतात, तुमच्या तिकडं सोयाबीन कशी आहे?

चहावाला_फाटा:
फुलावर हाये म्हना. पिवळी पडली थोडी, पानी जास्त झालं. ताई, एक सांगू का? उद्या पालखी फाट्यावर आली की मी तुमाले व्हिडिओ कॉल करतो. बाबाले पादुकाचं दर्शन करवतो. मेसेजमध्ये नंबर टाका, इथं नका टाकू.

पऱ्हाटीचं_फूल:
टाकला दादा. किती वाजता साधारण?

चहावाला_फाटा:
उजाडता उजाडता. फोन चार्ज करून ठेवा. आवाज नाई येनार नीट, टाळमृदंग लय असते.

पऱ्हाटीचं_फूल:
पहाटेचे साडेचार. बाबांची आंघोळ झाली. खुर्चीत बसून चपला मागताहेत. म्हटलं, बाबा, घरातच तर बसायचंय. म्हणाले, "बरं व्हय, राहू दे," आणि पाय उघडेच जमिनीला टेकवून बसले. फोन हातात घेऊन बसलेय.